शेठजींचं गळू आणि तंदुरुस्तीचा सौदा

"दुनिया डॉक्टरले बिमारीचे पैसे देते, मी तंदुरुस्तीचे देईन!" मंगरूळपीरच्या कापडबाजारात कैलासचंदशेठांनी जाहीर केलं.

कल्पना मूळची त्यांची नात त्रिशला हिची. पैसे देण्याची रीत बदलली की डॉक्टरांचं वागणं कसं बदलतं, यावर ती कॉलेजात अभ्यास करत होती. शेठजींना तेवढं पुरलं. त्यांनी डॉक्टर रविकांतांशी सौदा केला. घर ठणठणीत, तर महिन्याला ठरलेली रक्कम. कोणी आजारी पडलं, तर त्या महिन्याचा छदामही नाही!

"आजोबा, याला दुसरी बाजूही आहे."

"कापडाले असते, पोरी. सौद्याले नसते!"

आठवड्यातच शेठजींना गळू झालं. तेही नेमकं बैठकीच्या जागी!

डॉक्टरांनी दुरूनच पाहिलं. "हे? डास चावला असन."

"लिंबाएवढं सुजलं की हो!"

"डास दांडगा असन. बाकी तुमी ठणठणीत!"

आता गादीवर बसायचं कसं? शेठजी दिवसभर दुकानात उभे, जैन मंदिरापुढच्या मानस्तंभासारखे! आजवर गिऱ्हाइकानं त्यांना उभं पाहिलं नव्हतं. शेजारचे दुकानदार मदनसिंग धावत आले.

"शेठ, गादी सोडली म्हंजे दुकान बंद करून राह्यले अन् आमाले सांगतही नाई?"

"नाई रे बाबा!"

"मंग बसत काहून नाई?"

कारण सांगावं तरी कोणत्या तोंडानं! झालं! दुकान उठलं म्हणून अर्धा बाजार निम्म्या भावात लुगडी मागायला लोटला. नेहमीच्या गिऱ्हाईक रुखमाबाईंनी तर गादीचाच भाव विचारला!

संध्याकाळी शेठजी डॉक्टरांपुढे हात जोडून तिरपे उभे राहिले. "सौदा मोडला! जुन्या रीतीनं दर खेपेचे पैसे घ्या. पण याले गळू म्हणा!"

डॉक्टरांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि ओरडले, "बापरे! एवढं मोठं गळू? शेठ, इतके दिवस होते कुठं?"

चीर दिली, ठणका गेला, शेठजींना स्वर्ग दिसला! ते धोतर सावरत होते, तोच डॉक्टर म्हणाले, "उद्या पट्टी बदलाले या. परवा रक्त तपासू. तेरवा छातीचा फोटो काढू."

"डॉक्टरसाहेब, गळू खाली हाय!"

"म्हणूनच वर पाह्यलं पायजे!"

दारात त्रिशला उभी होती. "आजोबा, आता दोन्ही बाजू पाहून झाल्या."

शेठजी हताश होऊन धपकन बाकावर बसले.

आणि केवढ्यानं तरी ओरडून पुन्हा उभे राहिले!