पोचलं का?

आमचे दळवी सर कॉलेजच्या कॉम्प्युटरला अहो-जाहो करत. बंद स्क्रीनपुढे उभे राहून "उठताय ना?" असं विचारत. शिपाई गंगारामला हसू आवरत नसे. "सर, हाक मारून नाय उठायचा तो. बटन दाबा!"

महाडच्या आमच्या कॉलेजात सर भूगोल शिकवत आणि शेजारच्या वर्गात मी इतिहास. भिंतीपलीकडून दर पाच मिनिटांनी ऐकू येई, "पोचलं का?" वर्ग ओरडे, "पोचलं!" तरी सर शेवटच्या बाकापर्यंत जाऊन एकेक चेहरा तपासत. शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. माझे कितीतरी तास त्यात वाहून गेले.

अशात प्राचार्यांचा हुकूम आला. प्रत्येकाने शनिवारपर्यंत विद्यार्थ्यांना ईमेलने नोट्स पाठवायच्या; नाही जमलं तर पुढच्या वर्षी विषय नव्या सरांकडे. दळवी सरांची झोप उडाली. "अहो, पण त्यात चेहरे कुठे दिसतात?" म्हणत ते माझ्या मागेमागे फिरू लागले. शुक्रवारपर्यंत एक अक्षर टाइप झालं नव्हतं. आता मलाही धडकी भरली.

शनिवारी मात्र ते आपणहून कॉम्प्युटरपुढे येऊन बसले. त्यांच्या वर्गातल्या, जवळच्या सव गावच्या सलमाला तिच्या अब्बांनी घरच्यांसकट कुवेतला नेलं होतं; परीक्षेपुरती ती परत येणार होती. तिच्यासाठी सरांनी एका बोटाने तिच्याच गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर नोट्स टाइप केल्या. प्रत्येक परिच्छेदाखाली 'पोचलं का?' आणि त्याखाली चार ओळी कोऱ्या.

"या कशाला?" मी विचारलं.

"तिला उत्तर द्यायला वेळ नको?"

ईमेल गेला आणि माझा छळ सुरू झाला. रविवारी सरांनी उत्तर बघायला पोलादपूरहून एसटीने येऊन गंगारामकडून कॉलेज उघडून घेतलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. "अक्षरांचे चौकोन झाले असतील हो तिकडे! नाहीतर कंटाळली असेल पोर." सरांचा डबा तसाच परत जाऊ लागला.

बुधवारी उत्तर आलं. सरांच्याच नोट्स, आणि प्रत्येक कोऱ्या जागेत सलमाने लिहिलं होतं, 'पोचलं'. शेवटी दोन ओळी होत्या: 'सर, इथे मला कोणी काही विचारतच नाही. पुढचं पाठवा.'

सरांनी त्या ओळी दोनदा वाचल्या. "घरी मला तरी कोण विचारतं?" ते हळूच म्हणाले. पत्नी वारल्यापासून ते एकटेच राहत. मला माहीत होतं, तरी मी इतके दिवस हसत होतो. फार लाज वाटली.

सर उठले, डोळे पुसले आणि कॉम्प्युटरला म्हणाले, "बसा हं जरा. वही घेऊन आलोच."