राणोजींच्या मेंढ्या

तेराव्याच्या जेवणाची केळीची पानं मांडून झाली होती, सांबाराचा वास तांबरमच्या त्या छोट्या हॉलभर फिरत होता, आणि नेमकी तीच वेळ साधून गिरिधररावांनी खिशातून कागदांची जाडजूड घडी काढली. ती पाहताच त्यांची पत्नी सरोजा त्यांच्या कानाशी वाकली.

"थोडकं वाचा हां," ती कुजबुजली. "लोकांस भूक लागलीय."

"थोडकं कसं वाचू? राणोजीस शब्द दिलाय. शेवटपर्यंत."

खरी गोम तिथेच होती. गिरिधरराव कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. रोमँटिक कवींची मेंढपाळी विलापिका म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मित्र मेला की कवी त्याला मेंढपाळ करतो, निसर्गाला रडवतो, वनदेवतांना जाब विचारतो आणि शेवटी सगळ्यांचे डोळे पुसतो, हे ते वर्षानुवर्षं शिकवत आले. पण डोळे पुसायची वेळ येईपर्यंत वर्गात पंखे तेवढे उरत. ऐकणारा एकच, शेजारचे राणोजी. ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला हा भला माणूस रोज संध्याकाळी गच्चीवर त्यांच्यासमोर बसे. इस्पितळात जाताना त्यानेच वचन घेतलं होतं, "गिरी, माझ्यावर एक लिही. मेंढ्याबिंढ्या सगळं घाल. आणि पुरती वाच." ते वाचल्याशिवाय गिरिधररावांना आज घास उतरणार नव्हता.

चूक एकच झाली. जमलेल्या तंजावरी मराठी मंडळींना कळावं म्हणून त्यांनी विलापिका मराठीत लिहिली. इंग्रजीत असती तर पाहुण्यांनी काही न समजता माना डोलावल्या असत्या आणि मुकाट पानावर बसले असते.

पहिल्याच कडव्यात राणोजी हिरव्या डोंगरउतारावर मेंढ्या राखू लागले.

"मेंढ्या?" राणोजींचे धाकटे भाऊ बालाजीराव ताठ झाले. गिंडीत त्यांचा लेथचा छोटासा कारखाना होता आणि घराण्याचा अभिमान मात्र भलता मोठा. "आमचा अण्णा ट्रक जोडायचा! तंजावरास आमचे पूर्वज दरबारात होते. मेंढ्या कशास?"

"रूढी आहे," गिरिधरराव म्हणाले आणि पुढे सरकले.

राणोजींची नात नित्या मराठी न येणाऱ्या भावंडांना तमिळमध्ये अर्थ सांगत होती. मेंढ्यांपाशी मागची रांग फिसकन हसली. दुसऱ्या कडव्यात नद्या रडल्या, झाडांनी पानं गाळली.

"सार," आचारी अदबीनं म्हणाला, "इथली पानंपण सुकतात."

तिसऱ्या कडव्यात वनदेवता केस मोकळे सोडून राणोजींच्या नावाने टाहो फोडू लागल्या, तशी राणोजींची थोरली मेहुणी दचकली. "अय्यो! ह्या कोण बायका? कधी बोलले नाहीत ते!"

"तीही रूढीच," गिरिधरराव म्हणाले, पण आवाजातला जोर गेला होता. त्यांनी घाम पुसला आणि चौथं कडवं धरलं.

"कुठे होतात तुम्ही, जेव्हा तो एकटा पडून वाटेकडे डोळे लावून होता? कुठल्या कुंजात रमला होतात?"

प्रश्न वनदेवतांना होता. पण राणोजी इस्पितळात महिनाभर पडून होते, गिंडीहून तांबरम म्हणजे गाडीत बसलं की आलं, आणि बालाजीराव एकदाही दिसले नव्हते. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. नित्याने अर्थ सांगणं थांबवलं. गरजच उरली नव्हती.

"हे मज म्हणतायत!" बालाजीराव उसळले. "बोलावून अपमान! उठा रे सगळे!"

मुलं, सुना, जावई भराभर उठले. सरोजाने नवऱ्याचा सदरा ओढला. "पोदुम! पुरे, बसा आता."

गिरिधररावांनी उरलेले कागद चाळले. शेवट अजून दोन पानं लांब होता. एका माणसाला एक शब्द दिला, तोही पाळता येईना, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

बालाजीरावांनी दार ओढलं. ते हललं नाही. आतून भलंथोरलं कुलूप होतं, आणि शेजारच्या खुर्चीत राणोजींच्या पत्नी विद्यालक्ष्मी कमरेला किल्ली खोचून शांत बसल्या होत्या.

"वैनी, दार उघडा."

"आधी ते पुरतं होऊ दे," त्या म्हणाल्या. "बालाजी, मजही हेच विचारायचं होतं. तोंड उघडलं नाही. गिरिधररावांनी विचारलं, बरं झालं. सांग की, कुठे होतास?"

बालाजीरावांचा अभिमान बघता बघता उतरला. "भय वाटलं, वैनी. नाकात नळी घातलेला अण्णा मज बघवेना. फाटकापर्यंत यायचो आणि परत गाडी धरायचो." एवढं बोलून ते दाराला टेकून लहान मुलासारखे रडू लागले. विद्यालक्ष्मींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"वाचा, गिरिधरराव," त्या म्हणाल्या.

मग गिरिधरराव असे वाचू लागले, की वर्गाने तो आवाज ऐकायला हवा होता. रडू नका, त्यांनी बजावलं. राणोजी गेलेला नाही. महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या घरघरीत तो आहे. आणि आता दिवस कलला, मेंढपाळांनो, काठ्या उचला, घरी जेवण वाट पाहतंय. शेवटचा शब्द संपला तेव्हा एकही माणूस जागचा हलला नव्हता. आचारी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसत होता.

पायसम वाढताना बालाजीराव हळूच गिरिधररावांकडे वाकले. "माझ्यावरही एक लिहून ठेवा. लेथ नको. मेंढ्याच घाला."

"आणि वनदेवता?"

बालाजीरावांनी बायकोकडे एक नजर टाकली. "दोनतीन चालतील."

पानं उठल्यावर सरोजाने विद्यालक्ष्मींना विचारलं, "कुलपाचं कसं सुचलं हो तुम्हांस?"

"मज कुठलं सुचतंय? ह्यांनीच सांगून ठेवलेलं. गिरी वाचायला लागला की लोक पळतील, दारास कुलूप घाल."

"राणोजीस ठाऊकच होतं!" गिरिधरराव गहिवरले. "त्या एकट्यानेच तर सगळं ऐकलं होतं."

"कुठलं ऐकतायत! वनदेवता आल्या की घोरायचे. म्हणायचे, गिरीचा शेवट ऐकायचा तर मरावंच लागेल."

गिरिधरराव इतक्या मोठ्याने हसले, की हात धुणारी माणसं वळून पाहू लागली. हसता हसता त्यांनी कागदांची नीट घडी घातली आणि खिशावर थाप मारली.

"आज नाही घोरला लेकाचा," ते म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक वाटी पायसम मागितलं.