पिवळ्या टोपीची टीप

शनिवारी दुपारी साडेतीन वाजता, म्हणजे 'मूल न हरवता बाजारहाट कसा करावा' या विषयावर पालकांपुढे बोलायला उभे राहण्याच्या बरोबर अर्धा तास आधी, शांत आईचे मूल हरवले.

'शांत आई' हे तिच्या ब्लॉगचे नाव. गेली तीन वर्षे ती त्यावर पालकांसाठी टिपा लिहीत होती. मूल जेवत नसेल तर काय करावे, झोपत नसेल तर काय करावे, भर दुकानात फरशीवर लोळत असेल तर आपण कुठे बघावे. सगळ्या टिपांचे सार एकच, की आवाज चढवू नये. 'आईचा आवाज चढला की मुलाचे कान बंद होतात' हे तिचे वाक्य कितीतरी घरांत फ्रिजवर चिकटवलेले होते. आणि खोटे कशाला बोला, सहा वर्षांच्या ठमीवर ती खरोखरच कधी ओरडली नव्हती. ओरडण्याचा सगळा साठा तिने नवऱ्यासाठी राखून ठेवला होता, आणि तोही ठमी शाळेत गेल्यावरच काढायचा, असा घरचा शिरस्ता होता.

आज तिच्या मनात धाकधूक होती ती वेगळ्याच कारणाने. एका साप्ताहिकाच्या संपादिकाबाई या समुद्रकाठच्या गावात सुटीला आल्या होत्या. दर आठवड्याला पालकांसाठी एक सदर सुरू करायचे त्यांच्या मनात होते. "आधी तुम्हाला चार पालकांशी बोलताना ऐकते, मग ठरवते," असे त्यांनी फोनवर सांगितले होते. शांत आईला ते सदर हवे होते. फार हवे होते. सासूबाई तीन वर्षे विचारत होत्या, "ते तू मोबाईलवर टिकटिक करतेस, त्याला नोकरी म्हणायचं की छंद?" त्याला एकदाच छापील उत्तर द्यायचे होते.

म्हणून सगळी तयारी चोख होती. चार वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत भाषण. त्याआधी बाजारात एक फेरी आणि भाषणासाठी थोडे ताजे फोटो. आठवडाभर आधीच तिने वाचकांना आग्रहाचे बोलावणे धाडले होते आणि सोबत खास टीपही दिली होती : 'समुद्रकाठच्या बाजारात मुलांना भडक पिवळी टोपी घाला. गर्दीतही लांबून दिसते. टोपीच्या आत आपला फोन नंबर लिहा. आणि मुलांना बजावून ठेवा, चुकामूक झाली तर जिथे आहोत तिथेच थांबायचं.'

टीप चांगली होती. इतकी चांगली, की ती सगळ्यांनी पाळली.

बाजार म्हणजे समुद्राकडे उतरत जाणारी एक लांब गल्ली. दोन्ही अंगांना बादल्या, फावडी, काळे चष्मे आणि फुगवायच्या माशांची दुकाने. नवरा पिशव्या घेऊन गल्लीच्या वरच्या टोकाला एका बाकावर बसला होता, कारण खरेदीत त्याचे काम तेवढेच असते. टॉवेलच्या दुकानासमोर शांत आईला रंगीत टॉवेलांची चळत फार आवडली. तिने एक फोटो काढला. सावली पडली म्हणून दुसरा काढला. मग दोन्हींतला बरा कोणता हे ठरवले, त्याखाली चार ओळी लिहिल्या, त्यांतली एक खोडली आणि मान वर करून शेजारी पाहिले. ठमी नव्हती.

ती मुळीच घाबरली नाही. पिवळी टोपी कशासाठी होती? तिने गल्लीवरून नजर फिरवली आणि लगेच बादल्यांच्या दुकानापाशी टोपी दिसली. जाऊन तिने खांद्यावर हात ठेवला. भलत्याच चेहऱ्याने वळून पाहिले. तोवर चष्म्यांच्या दुकानापाशी दुसरी टोपी दिसली. तिच्यापुढे तिसरी. माशांच्या दुकानात तर तीन टोप्या एकत्र उभ्या होत्या आणि त्यांतली एकही ठमी नव्हती. मग तिने नीट पाहिले, आणि वरपासून खालपर्यंत सगळी गल्ली पिवळी दिसायला लागली.

टोपीवाले काका दाराशीच उभे होते. चेहऱ्यावरून आनंद ओसंडत होता.

"काका, पिवळी टोपी घातलेली एक मुलगी बघितलीत का?" तिने हळूच विचारले.

"एक?" काका म्हणाले. "सकाळपासून दुसरं काही बघितलंच नाही हो. कुण्या बाईनं मोबाईलवर लिहिलंय म्हणे. गठ्ठा संपला! आत्ता एक छोटी मुलगी टोपीसाठी रडत गेली, पण देऊ कुठून? निळी देतो म्हटलं, तर आई म्हणते, निळी नको, टीप पिवळीची आहे."

एरवी हे ऐकून शांत आईला गहिवरून आले असते. आता तिला घाम फुटला. आणि खरी अडचण पुढेच होती. मोठ्याने हाक मारावी, तर बाजारभर तिचेच वाचक. कुणाला मदत मागावी, तर पहिला प्रश्न येणार, "म्हणजे तुमची हरवली?" तेव्हा तिने ओठांवर हसू चिकटवले आणि ती हसतहसत मूल शोधू लागली. दर दहा पावलांवर कुणीतरी अडवून म्हणायचे, "अय्या, शांत आई! एक फोटो?" मग फोटोसाठी मान कलती करायची, आणि डोळ्यांनी त्यांच्या डोक्यांवरून टोप्या मोजायच्या. टॉवेलच्या दुकानावरून ती चारदा गेली. चारही वेळा पिवळे काही दिसले नाही म्हणून पुढे गेली.

तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो, मी खालच्या वळणावरचा आइस्क्रीमवाला बोलतोय. तुमची पोरगी माझ्या दुकानात बसलीय. टोपीत हा नंबर आहे."

शांत आईचा जीव भांड्यात पडला. आपल्याच टिपेने आपल्याला तारले, हे भाषणात कसे घालायचे याचा विचार करतच ती धावत उतरली. दुकानात खुर्चीवर पिवळी टोपी होती. टोपीवर ठमीची शिंपल्याची पिन होती. टोपीखाली मात्र तीन-साडेतीन वर्षांची एक गोबऱ्या गालांची मुलगी होती आणि ती शांतपणे कोन चाटत होती.

"घ्या," आइस्क्रीमवाला म्हणाला.

"ही माझी नाही."

"नंबर तुमचा नाही?"

"नंबर माझाच आहे."

"टोपी?"

"टोपीसुद्धा माझीच आहे. मुलगी माझी नाही."

आइस्क्रीमवाल्याने तिच्याकडे जरा रोखून पाहिले. "बाई, पोरं वैताग आणतात कधी कधी. म्हणून लगेच नाही म्हणू नये."

गोबऱ्या गालांच्या मुलीला या वादात रस नव्हता. तिने चिकट हात शांत आईच्या हातात दिला आणि ती खुर्चीवरून उतरली. ही टोपी कुठे मिळाली, असे विचारले तर म्हणाली, "ताईनं दिली." कुठल्या ताईने? "टोपीवाल्या ताईनं." यापलीकडे माहिती नव्हती.

त्याच क्षणी गल्लीतून एक बाई रडवेल्या तोंडाने धावत आली, तिने मुलीला उचलले, पटापट मुके घेतले, आणि मग वर बघून किंचाळलीच. "शांत आई! तुम्ही? माझी मुलगी तुम्ही शोधलीत?" शांत आई काही बोलणार, तोवर त्या बाईने मागे वळून हाका मारल्या होत्या. "अहो, इकडे या सगळे! माझी हरवलेली मुलगी ताईंनी शोधून दिली! मी नुसती भिरभिर फिरत होते, आणि ह्या बघा, कशा शांत उभ्या आहेत!"

बघता बघता पंधरा-वीस पालक जमले. त्यांच्या सोबतच्या टोप्याही जमल्या. कुणी टाळ्या वाजवल्या. गर्दीतून वाट काढत एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई पुढे आल्या. हातात वही होती. त्या संपादिकाबाई होत्या.

"भाषणाआधीच प्रात्यक्षिक?" त्या म्हणाल्या. "छान. तुमची मुलगी कुठंय? फोटोंत नेहमी बघते मी तिला."

शांत आईला वाटले, आता धरणी दुभंगावी. पण तोंडातून भलतेच निघून गेले. "ती... ती तिच्या बाबांबरोबर आहे." तीन वर्षांत ब्लॉगवर तिने कितीतरी गोष्टी गोड करून लिहिल्या होत्या, पण सपशेल खोटे बोलायची ही पहिलीच वेळ. संपादिकाबाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी टिपले. सदर हातात आल्यासारखेच होते.

आणि फोन पुन्हा वाजला. नवऱ्याचा होता.

"अगं, मी बाकावरच बसलोय. ऊन फार आहे, ठमीला तहान लागली असेल. तुझ्याकडे पाणी आहे ना? की आणून देऊ?"

समोर सगळे पालक, संपादिका, वही, सदर. पलीकडे समुद्र. तो तिला आत्ताच पहिल्यांदा दिसला. सदर, सासूबाई, फ्रिजवरचे वाक्य, सगळे एकदम पुसट झाले आणि फक्त ठमी उरली. शांत आईने छाती भरून श्वास घेतला.

"ठमेऽऽऽऽ!"

आइस्क्रीमवाल्याच्या हातून चमचा पडला. गल्लीतल्या सगळ्या पिवळ्या टोप्या जागच्या जागी थिजल्या. दोन-तीन वडील उगीचच ताठ उभे राहिले. ठमी आली नाही. शांत आईने पुन्हा हाक मारली आणि तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फाटला. "माझी मुलगी हरवलीय हो," ती रडत म्हणाली. "मी खोटं बोलले. वीस मिनिटं झाली. कुणीतरी शोधा ना!"

वर बाकावर नवऱ्याला ती हाक फोनमधून आणि हवेतून एकदमच ऐकू आली. तो आवाज त्याच्या पूर्ण ओळखीचा होता. त्यामुळे हाक ठमीला असली तरी चूक आपलीच असणार, असे समजून तो पिशव्यांसकट धावत सुटला. बायकोचा ब्लॉग त्याने कधीच वाचलेला नसल्यामुळे पिवळ्या टोपीचे त्याला काही ठाऊक नव्हते. धावताना तो आपला सरळ मुलांच्या तोंडांकडे बघत होता. टॉवेलच्या दुकानाच्या पायरीवर, चळतीला टेकून, ठमी उघड्या डोक्याने बसलेली त्याला पहिल्याच नजरेत दिसली. त्याने तिला उचलले आणि खाली आणून बायकोपुढे ठेवले.

शांत आईने तिला असे काही कवटाळले, की ठमी म्हणाली, "आई, श्वास."

"कुठं होतीस तू?"

"तिथंच. तू म्हणालीस ना, चुकामूक झाली की तिथंच थांबायचं."

"टोपी कुठं गेली मग?"

"ती बेबी रडत होती. तिला दिली."

"अगं, मी चारदा तिथून गेले! एक हाक तरी मारायची!"

"तू कामात होतीस," ठमी समजूतदारपणे म्हणाली. "सगळ्यांबरोबर फोटो काढत होतीस. कामात असताना हाक मारायची नाही."

"आणि मी एवढी ओरडले ते? ते तरी ऐकू आलं ना?"

"आलं की. ती तू होतीस?" ठमीचे डोळे विस्फारले. "मला वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी आई आहे."

शांत आईने डोळे पुसले, संपादिकाबाईंकडे पाहिले आणि मान खाली घातली. सदर गेले, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. तेवढ्यात गोबऱ्या गालांच्या मुलीची आई पुढे सरकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, म्हणजे... तुम्ही पण ओरडता?"

"आज ओरडले."

"बाई गं!" ती बाई मटकन खुर्चीवर बसली. "काय बरं वाटलं म्हणून सांगू! मी रोज दहा वेळा ओरडते आणि रात्री तुमचा ब्लॉग वाचून रडते."

मागून एक वडील म्हणाले, "आमच्याकडे ही ओरडली की मी गॅलरीत जातो." दुसरे म्हणाले, "आमच्याकडे मी ओरडतो आणि ती गॅलरीत जाते." मग सगळ्यांचीच तोंडे सुटली. ठमी तेवढ्यात विचार करत होती. ती आईची ओढणी ओढत म्हणाली, "आई, परत एकदा ओरड ना. मी पाठ करते. म्हणजे पुढच्या वेळी मला कळेल."

चार वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत भाषण झाले नाही. मुले भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून ओळीने बसली होती आणि एकेक पालक दारात उभा राहून आपल्या मुलाला खऱ्याखुऱ्या आवाजात हाक मारत होता. ग्रंथपाल दोनदा वर येऊन गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच्या मुलीला हाक मारून पाहिली, पण ती दुसऱ्या गावी होती. संपादिकाबाई कोपऱ्यात बसून लिहीत होत्या. जाताना त्या शांत आईला म्हणाल्या, "पहिला लेख सोमवारी पाठवा. आजचा सगळा. खोटं बोललात तेही. गोड केलंत, तर परत पाठवीन."

शांत आईने नुसता त्यांचा हात धरून ठेवला.

सगळ्यात शेवटी नवऱ्याची पाळी आली. त्याने पिशव्या खाली ठेवल्या, घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात हाक मारली, "ठमे!"

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या ठमीने बराच वेळ विचार केला. मग डोळे मिटूनच म्हणाली, "हे कोण काका आहेत ते माहीत नाही. बाबा असते, तर त्यांनी आधी आईला विचारलं असतं."