ओव्हाळ सरांचा तिसरा रकाना

ओव्हाळ सरांविरुद्धचा तो निनावी अर्ज मी लिहिला होता. चार मुद्दे टाइप केले, चौक गावातल्या एका दुकानात प्रिंट काढली आणि प्राचार्यांच्या दाराजवळच्या सूचनापेटीत टाकली. त्या पेटीत पडलेला तो पहिलाच कागद असावा, कारण तिची चावी शोधण्यात दोन दिवस गेले.

सर खालापूर तालुक्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत आणि मुलांना कॉम्प्युटरला हात लावू देत नसत. पहिले दोन महिने प्रोग्रॅम कागदावर, पेन्सिलने. "मशीनला अक्कल नाय रं," ते म्हणत. "तू सांगशील तेवढंच करनार. आधी काय सांगायचंय ते तुला तरी कळू दे." वर्गातल्या स्मार्ट बोर्डाला ते छत्री अडकवत.

पुतण्याच्या लग्नात त्यांनी जेवणाच्या रांगेतल्या पाहुण्यांना शेजाऱ्याशी उंची ताडून जागा बदलायला लावल्या. क्रमवारी कशी लावतात ते लोकांना कळावं म्हणून. रांग उंचीप्रमाणे लागली तोवर भात गार झाला होता. उंच असल्यामुळे शेवटी ढकलले गेलेले नवरीचे मामा अजून बोलत नाहीत.

पण खरं वेड चुकांच्या वहीचं. प्रत्येक विद्यार्थ्याची पहिली चूक सर तीन रकान्यांत लिहीत: कोणी केली, काय केली आणि ती त्याला बरोबर का वाटली. पहिले दोन रकाने कोणीही भरील. तिसऱ्यासाठी सर पोराला कँटीनमध्ये चहा पाजत आणि फौजदारासारखी चौकशी करत. पुढच्या वर्षी त्या वहीतून शिकवणं. नाव न घेता एकेक चूक सांगायची, वर्ग हसायचा.

दरवर्षी पहिला मान एका गृहस्थाचा. त्याने स्वतःचं नाव छापायचा प्रोग्रॅम लिहिला, पण थांबायचं कधी ते सांगितलंच नाही. प्रिंटरने कागदाचा अख्खा गठ्ठा त्याच्या नावाने भरून टाकला. "मंत्र्याचं बी एवढं नाव छापून येत नाय," सर म्हणत.

तो गृहस्थ मी. सरांच्या पहिल्या बॅचचा विद्यार्थी; पुढे तिथेच, शेजारच्या वर्गात शिकवायला लागलो. भिंतीपलीकडून ते हसू आलं की मी फळ्याकडे तोंड करून उभा राही.

अर्जात 'विद्यार्थ्यांचा जाहीर अपमान' असे शब्द घातले. चौकशी समिती बसली, तिने बिस्किटं खाल्ली आणि पहिल्या वर्षाचा वर्ग सरांकडून काढून घेतला. निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. ते सरांनी परीक्षेच्या बाकांवर नंबर चिकटवण्यात घालवलं. वर्ग मला मिळाला. मुलं पहिल्या दिवसापासून कॉम्प्युटरवर बसली. वर्ग अगदी शांत असे.

यंदा एका मुलीने माझीच ती जुनी चूक केली. एवढंही कळत नाही का, असं मी तिला सगळ्यांसमोर विचारलं. ती चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी मी शेलूला सरांकडे गेलो.

नव्या इमारतीत सर एकटेच राहतात. टेबलावर वही होती आणि दोन कप. "कोन येईल सांगता येत नाय," ते म्हणाले. एका कपात धूळ होती.

मुलीचं सांगितलं. सर एवढंच म्हणाले, की तिच्या घरी जा आणि नीट बसून विचार. मग मी वही मागितली. माझं पान सापडलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: 'थांबायचंही सांगावं लागतं, हे मी शिकवायचं विसरलो. पोराची चूक नाही.'

मी वही मिटून त्यांच्यापुढे ठेवली.

"सर, तो अर्ज माझा होता."

"माहीत हाय मला. समितीनं दावला होता. चार मुद्दे, आन् चारी एकच. तुला थांबायचं अजून कळत नाय रं."

त्यांनी कोरं पान काढून पेन पुढे केलं. "लिव. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाय."

दोन रकाने लगेच झाले. तिसऱ्याला वेळ लागला. सर उठून तो धुळीचा कप विसळत होते. शेवटी लिहिलं: 'त्यांच्या वर्गात मुलं हसत. माझ्या वर्गात कोणी हसत नसे. सर, मला माफ करा.'

खाली या वेळी नाव घातलं. एकदाच.