खरेदीसाहेबांची घासाघीस

खरेदीसाहेबांनी जेवणाच्या टेबलावरचा पाण्याचा जग, बायकोचा चष्मा आणि अर्धवट चिरलेली भाजी एका कडेला सरकवली आणि मुलीच्या नोकरीची दोन्ही पत्रं शेजारी शेजारी मांडली. दोन विमान कंपन्या, दोन्ही लहान शहरांमध्ये छोटी विमानं फिरवणाऱ्या, आणि दोघींनाही वैमानिक म्हणून त्यांचीच मुलगी हवी होती. ही बातमी त्यांनी सकाळपासून दूधवाल्याला, समोरच्या डॉक्टरांना आणि चुकून फोन लागलेल्या एका अनोळखी गृहस्थांनाही ऐकवली होती. त्या गृहस्थांनी बिचाऱ्यांनी अभिनंदनही केलं.

साहेबांचे केस पंपांच्या कारखान्यात, खरेदी विभागात पिकले होते. निवृत्त झाले तरी नाव चिकटलेलंच राहिलं. माल विकायला आलेला माणूस त्यांच्या केबिनमधून घाम पुसत बाहेर पडायचा, अशी त्यांची ख्याती होती. ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचा वाटा मोठा होता.

"ही पार्टी बघ," पहिल्या पत्रावर बोट ठेवून ते म्हणाले, "पगार जवळजवळ दीडपट. विषय संपला."

"कसला संपतोय, बाबा? तो आकडा विमान उडवलं तरच," मुलगी म्हणाली. "धुकं पडलं, विमान बिघडलं, मी घरी बसले की पगारही घरी बसला. दुसरी कंपनी ठरावीक तासांचे पैसे देतेच. उडा नाहीतर बसा."

"मग दुसरी घे ना," आई म्हणाली.

"तिचा बॉण्ड पाच वर्षांचा आहे, आई. ट्रेनिंगचा खर्च ते करणार, म्हणून पाच वर्षं सोडायचं नाही. सोडलं तर सगळी भरपाई द्यायची." तिनं पत्राची कड उगाचच दुमडली. "मला पुढे मोठी विमानं उडवायचीत गं. इतकी वर्षं अडकून बसले तर माझ्या मागचे पुढे जातील. आणि आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

तिचा उतरलेला चेहरा साहेबांना बघवेना. "मी बोलतो त्यांच्याशी," ते म्हणाले.

"अजिबात नाही. ही नटबोल्टची ऑर्डर नाहीये, बाबा." एवढं बजावून ती आंघोळीला गेली. फोन मात्र टेबलावरच राहिला, आणि पाचेक मिनिटांत वाजला. दुसरी कंपनी. साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान हलवून स्पष्ट नकार दिला. साहेबांनी फोन उचलला.

"नमस्कार, भरती विभागातून बोलतेय. मॅडमचा निर्णय झाला का?"

"मी तिचे वडील. निर्णय माझ्या टेबलावर आहे," साहेब खुर्चीत मागे रेलत म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांना केबिनमध्ये बसल्यासारखं वाटत होतं. "दुसऱ्या पार्टीचा रेट आमच्या हातात आहे. तुमचा बघितला. नाही जमत."

"म्हणजे, सर?"

"म्हणजे जरा कमी करा."

बायकोच्या हातातली सुरी भाजीवरच थांबली.

"कमी? पगार कमी करू?"

इथे साहेबांना सावरता आलं असतं. पण समोरच्याचा आवाज चाचरला की आपला चढवायचा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. "हे बघा, संबंध आजच्यापुरते नाहीत. काहीतरी कमी करा, आत्ता फायनल करतो."

"सर, आजवर असं कुणी मागितलं नाही. वरिष्ठांना विचारून कळवते."

"अवश्य विचारा." साहेबांनी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "पार घाम फोडला."

"अहो," बायको हळूच म्हणाली, "पगार ते देणारेत. आपण नाही."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरायला तेवढं पुरलं. डोक्याला टॉवेल गुंडाळून मुलगी बाहेर आली, तेव्हा दोघंही भाजी चिरत होते. साहेबांच्या हातात सुरी बघूनच तिला संशय आला. सगळं ऐकल्यावर ती चिडलीसुद्धा नाही, नुसती खुर्चीत बसली. साहेबांना त्याचंच जास्त लागलं. तिनं कंपनीला फोन लावला, तर तो लागेना. जन्मभर परक्यांचे भाव पाडले आणि आज पोटच्या पोरीचा पाडला, या विचारानं साहेबांनी जेवणाचं ताट अर्ध्यावरच सरकवलं.

दुपारी मेल आला. मुलीनं तो मोठ्यानं वाचला. "आपल्या वडिलांच्या विनंतीवर विचार केला. पगार सर्व वैमानिकांना सारखा असल्यानं तो कमी करता येत नाही, याबद्दल दिलगीर आहोत. कमी करण्यासारखी एकच गोष्ट आमच्याकडे आहे, ती म्हणजे बॉण्डची मुदत. निवड चाचणीत आपण सर्वांत पुढे होतात, हे लक्षात घेऊन ती पाचाऐवजी दोन वर्षं करत आहोत. यापुढे काहीही कमी होणार नाही, हे कृपया वडिलांना सांगावे."

"सर्वांत पुढे?" साहेब म्हणाले. "हे तू घरात सांगितलं नाहीस."

"तुम्ही दूधवाल्याला सांगितलं असतंत."

"सांगतोच आता," साहेब म्हणाले आणि चपला शोधू लागले.

पुढच्या आठवड्यात कराराचे कागद आले. बॉण्डला जामीन म्हणून साहेबांची सही हवी होती. बारीक अक्षरातली ओळन् ओळ वाचल्याशिवाय पेनाचं टोपण न काढणारा हा माणूस. पण पहिल्याच पानावर मुलीचं नाव आणि त्याखाली 'वैमानिक' असं छापलेलं दिसलं, आणि पुढची अक्षरं त्यांना नीट दिसेनात. त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि झोकात सही ठोकली.

"बाबा," मुलगी कागदावर वाकून म्हणाली, "ही वैमानिकाच्या सहीची जागा आहे."

"घ्या," बायको म्हणाली. "उद्यापासून डबा तुमचा भरायचा तर."

साहेबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. पुसायला अंमळ जास्तच वेळ लागला.

"त्यांच्याकडून नवा कागद मागव," ते म्हणाले. "पण हा फाडू नकोस. मला राहू दे."