कागदावरचे अपेंडिक्स

डेलिया ऑस्टगार्डला आज पंधरा मिनिटांत एका माणसाचे अपेंडिक्स ओळखायचे होते. ते दुखत नसले तरी ओळखायचे होते, कारण कागदावर ते दुखत होते. मागच्या परीक्षेत तिने घाबरून पित्ताशय म्हटले आणि नापास झाली. दुसऱ्यांदा नापास होणाऱ्याला फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरच्या मदतनिसाच्या, त्या वर्गात जागा नव्हती. सामान गाडीत भरायचे आणि गावी जाऊन आईशेजारी किराणा दुकानात उभे राहायचे, एवढेच मग उरले असते.

रुग्णाचे सोंग घ्यायला कॉलेजने गावातली निवृत्त मंडळी नेमली होती. नियम दोनच होते. घंटा होईपर्यंत रुग्णाने सोंग सोडायचे नाही, आणि विद्यार्थ्याने परीक्षा मध्येच थांबवायची नाही. थांबवली तर शून्य. हा दुसरा नियम गेल्या वर्षी आला. एका विद्यार्थ्याने फिट आल्याचे सोंग करणाऱ्या बाईंसाठी अग्निशमन दल बोलावले होते, आणि त्या बाई अजून ते अभिमानाने सांगत.

तिसऱ्या खोलीत वेंडल क्रुकमायर होते. वय एकोणसत्तर, जन्मभर शाळेची बस चालवलेली. कागदावर मात्र ते हॅरल्ड बेक, वय बावन्न, कालपासून पोटात दुखते. अमेरिकेतल्या त्या उत्तर डाकोटात आपले दुखणे बोलून दाखवणे म्हणजे प्रार्थनेच्या वेळी ढेकर देण्यासारखे. त्यामुळे वेंडलना हे काम फार आवडे. एरवी ज्यांच्या तोंडून हूं की चूं निघाले नव्हते, ते इथे मनसोक्त कण्हून घेत. सकाळपासून पाच जणांपुढे त्यांनी असा काही हंबरडा फोडला होता की चौथ्या विद्यार्थ्याला पाणी द्यावे लागले.

डेलिया आत आली, हात धुतले, नाव सांगितले. "मिस्टर बेक, दहापैकी किती दुखतंय?"

"दोन," वेंडल म्हणाले.

दाराबाहेर लावलेल्या कागदावर आठ होते. म्हातारबाबा विसरले, असे तिला वाटले. "जरा आठवून सांगता का?"

"अं... हो की! आठ! आठ गं बाई, मेलो!" त्यांनी छताकडे बघून गळा काढला. उजवीकडे खाली दाबले तेव्हा ते कागदाबरहुकूम किंचाळले. डेलियाचा जीव भांड्यात पडला. आता एक शब्द उच्चारला की सुटले.

पण अभ्यासाप्रमाणे सगळे पोट तपासायचे असते. तिने बेंबीच्या वर हात ठेवला, आणि वेंडल एकदम गप्प झाले. किंचाळणे नाही, कण्हणे नाही. चेहरा पिठासारखा पांढरा, कपाळावर घाम. तिच्या तळहाताखाली काहीतरी रुंद ठोके देत होते, पोटात दुसरे काळीज बसवल्यासारखे.

"इथे दुखतं का?"

"छे, छे. बरं आहे. तुझं चालू दे तू."

डेलियाने हात उचलला नाही. तिचे वडीलही स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवे पडून असेच म्हणाले होते, "काही नाही गं, जरा टेकलोय." चौथ्या दिवशी दफन उरकून चर्चच्या तळघरात लोक त्यांच्या नावाने बटाट्याचा भाजलेला हॉटडिश खात होते.

"मिस्टर क्रुकमायर, तुम्हाला दवाखान्यात न्यायला हवं. खरंच सांगतेय मी."

"वा! आधीच्या पाचांत एकाचाही आवाज असा कापला नव्हता."

"अहो, हे परीक्षेतलं नाही!"

वेंडलनी भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे चोरून पाहिले आणि ओठ न हलवता पुटपुटले, "पोरी, अपेंडिक्स म्हण. तेच लिहिलंय. उगाच नापास होशील."

डेलियाने तोंड उघडले. तो शब्द जिभेवर होता. पण तळहाताखालचे ठोके काही केल्या थांबेनात. तिने कॅमेऱ्याकडे वळून सांगितले, "परीक्षा थांबवा."

भिंतीतल्या कर्ण्यातून परीक्षक शुल्झबाईंचा थंड आवाज आला. "मिस ऑस्टगार्ड, नियम ठाऊक आहे ना? शून्य म्हणजे दुसऱ्यांदा नापास."

"बाई, यांना घाम फुटलाय, आणि बेंबीच्या वर पोट उडतंय."

"घाम आणता येतो. वेंडल अकरा वर्षं हे काम करताहेत."

"बाई, मी किती दुखतं विचारलं तर आधी दोन म्हणाले. आणि जिथे खरं दुखलं तिथे म्हणाले, बरं आहे, तुझं चालू दे."

कर्ण्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शुल्झबाईही त्याच मुलखातल्या.

"चालू दे म्हणाले?" त्यांचा आवाज बदलला. "अरे देवा! अँब्युलन्स बोलवा कुणीतरी! घड्याळ बंद करा!"

घड्याळ बंद केले हीच चूक झाली. घड्याळ बंद, म्हणजे घंटा नाही. आणि घंटा नाही, म्हणजे वेंडलचे सोंग सुटणे नाही. अँब्युलन्सवाले आले तेव्हा स्ट्रेचरवरून त्यांनी खोल गेलेल्या आवाजात माहिती दिली, "हॅरल्ड बेक. बावन्न. उजवीकडे, कालपासून."

"अपेंडिक्स दिसतंय," अँब्युलन्सवाला लिहू लागला.

"हे हॅरल्ड नाहीत! आणि अपेंडिक्सही नाही!" डेलिया ओरडली. "पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय!"

"बाई, तुम्ही कोण?"

"मी... पहिल्या वर्षाला आहे."

"आणि रुग्णाला स्वतःचं नाव माहीत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?" तो वेंडलकडे वळला. "काय हो, हॅरल्डच ना?"

"हो," वेंडल म्हणाले. शब्दाला जागणारा माणूस.

डेलिया धावत बोळाच्या टोकाला गेली आणि तिने घंटेच्या बटणावर सगळा भार टाकला.

घंटा घणघणली. तेराही खोल्यांत परीक्षा अर्ध्यावर संपली. कुणी नाडीला हात लावून उभे होते, कुणी नुकते "बसा" म्हणाले होते. सगळे दार उघडून बोळात आले. एक दमेकरी खोकणे थांबवून विचारू लागला, "जेवायची सुट्टी का?" आणि स्ट्रेचरवर वेंडलनी डोळे मिटत एक सुस्कारा सोडला. "वेंडल क्रुकमायर. एकोणसत्तर. त्रास दिला तुम्हाला."

अँब्युलन्सवाल्याने कागद फाडला आणि सायरन लावला.

शस्त्रक्रिया पाच तास चालली. वेंडल वाचले, पण जेमतेम. रक्तवाहिनी फाटू लागली होती.

सोमवारी समिती बसली. डेलियाने परीक्षा थांबवली होती, कागदावरचे निदान केले नव्हते आणि बाकी बारा जणांची परीक्षा मोडली होती. एका माणसाचा जीव वाचवल्याबद्दल गुण द्यायचे तर त्यासाठी गुणांच्या तक्त्यात रकानाच नव्हता. शुल्झबाईंनी रात्रभर नियमावली चाळून एकच वाट काढली होती: रुग्णाने चुकीचे उत्तर दिल्याचे त्याने स्वतः लिहून दिले, तर ती परीक्षा रद्द धरावी आणि विद्यार्थ्याची पुन्हा घ्यावी. बाई कागद घेऊन दवाखान्यात गेल्या. नाकात नळी असलेल्या वेंडलनी वाचून मान डोलावली.

"बरोबर आहे. आठ म्हणायचं होतं, दोन म्हणालो. माझीच चूक." त्यांनी सही केली. चूक कबूल केलेला नट पुन्हा घ्यायचा नाही, असेही नियमावलीत होते. तेवढे वाक्य बाईंनी त्यांना वाचून दाखवले नाही. ते कागदाच्या मागच्या बाजूला होते.

गुरुवारी डेलियाची परीक्षा पुन्हा झाली. नवा रुग्ण नाटकाचे शिक्षण घेतलेला तरणाबांड गडी होता. त्याने सुरुवातीलाच दहापैकी बारा सांगितले आणि खुर्ची पाडली. डेलियाने सगळे पोट तपासले, बेंबीच्या वर दोनदा, आणि चौथ्या मिनिटाला तो शब्द उच्चारला. पास.

अंगावरचा पांढरा कोट न काढताच ती वेंडलकडे गेली. ते उशांना टेकून बसले होते, निम्मे झालेले. तिला काय काय बोलायचे होते, पण त्या मुलखात तसले कुणी बोलत नाही. ती नुसतीच म्हणाली, "पास झाले."

"काय निघालं?"

"अपेंडिक्स."

वेंडलनी समाधानाने डोळे मिटले. "मी तुला तेव्हाच सांगत होतो, पोरी," ते क्षीण आवाजात म्हणाले. "ऐकलं असतंस, तर सगळ्यांचा एवढा खोळंबा झाला नसता."

"चुकलंच माझं," डेलिया म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.