कोट घालून गुहेत जाणारे गुंडोअण्णा

या, अशा जवळ या. दारातनं काय बोलता, चपला घालून, उभ्या उभ्या? आणि आधी ते हसणं थांबवा. "म्हातारपणी कसले हे कॉम्प्युटरवरचे खेळ, देवाचं नाव घ्यावं की" असं मागं बोललात, ते माझ्या कानावर आलंय. माझे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. बसा. तुम्हाला आमच्या शेजारच्या गुंडोअण्णांचं सांगते. मग हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

गुंडोअण्णा रोज दिवेलागणीला गेम खेळायला बसतात, ते काळा कोट घालून. वकिलाचा कोट. खाली पंचा, वर कोट, गळ्याला पांढऱ्या पट्ट्या आणि कानावर हेडफोन. पहिल्यांदा मी खिडकीतनं हे ध्यान बघितलं तेव्हा वाटलं, गेलं, ह्यांचं डोकं गेलं. खुर्चीत ताठ बसून, पडद्यावर बोट रोखून ते विचारत होते, "आपण माझ्या पाठीत बाण मारलात, हे आपणांस मान्य आहे की नाही?"

समोरच्याला मान्य नसावं. कारण लगेच दुसरा बाण लागला.

आमच्या ह्या मळमड्डी भागात रिटायर माणसं पुष्कळ. कुणी बागेत खुरपत बसतं, कुणी पेपरातल्या चुका काढतं. गुंडोअण्णांनी सगळी हयात धारवाडच्या कोर्टात काढली. वकिली सोडली, पण कोट सुटेना. म्हणून मग त्यांनी कोट घालायला जागा शोधली, असं आमच्या गल्लीचं मत. सुभाष रोडला हेडफोन घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "नातवासाठी का, अण्णा?" ह्यांनी गंभीरपणे सांगितलं, "नाही. अशिलांसाठी."

गेममधल्या सोबत्यांना ते अशील म्हणतात. राक्षसाला प्रतिवादी. आणि सगळा गेम त्यांनी दोन शब्दांत बसवलाय: खटला आणि पंगत.

हे मला समजायला वेळ लागला, म्हणून तुम्हाला सावकाश सांगते. त्या गेममध्ये एक मोठं राज्य आहे. देशोदेशीची खरी माणसं आपापल्या घरी बसून त्यात हिंडतात. तिथं दोन प्रकारचे उद्योग. एक म्हणजे आखाड्यात माणसानं माणसाशी लढायचं. जिंकला त्याचं नाव वर चढतं. हा खटला. दुसरा म्हणजे तिघांनी मिळून गुहेत शिरायचं, राक्षस मारायचा आणि मिळेल ते वाटून घ्यायचं. ही पंगत.

"आता राज्य चालवणाऱ्याची गंमत बघा, अक्का," गुंडोअण्णा म्हणाले. ते मला अक्का म्हणतात. "नुसते खटले ठेवले तर नवा माणूस वेशीतच मार खातो आणि पुन्हा येत नाही. नुसती पंगत ठेवली तर सगळे पुरणाची होळगी खाल्ल्यासारखे पेंगतात. दोन्ही पाहिजे. तोल बघा, अक्का, तोल!"

"मग ठेवावं की दोन्ही. त्यात काय एवढं?"

"तलवार एकच आहे ना! आखाड्यात ती फार धारदार झाली म्हणून लोक ओरडतात. कंपनी धार कमी करते. मग तीच तलवार गुहेत राक्षसाला खाजवल्यासारखी लागते."

हे मात्र मला चटकन कळलं. विळीला भोपळ्यासाठी धार लावा, काकडी चोचवताना बोट जातं. काकडीसाठी बोथट करा, भोपळा हलत नाही. मी तसं म्हटल्यावर गुंडोअण्णा उठून उभे राहिले. "कंपनीत तुम्हाला घ्यायला पाहिजे होतं!" माझं आयुष्यात इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि ते काकडीवरनं झालं.

मी ह्यात पडले कशी? गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी खाटेला खिळले. मुलगा दूर, सून दूर, बिचारे फोन करायचे. पण फोन ठेवला की घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची. एके दिवशी गुंडोअण्णा आपला जुना कॉम्प्युटर काखोटीला मारून आले. "अक्का, आमच्या गुहेत वैदीण नाही. तुम्ही पडून आहातच. पडल्या पडल्या होईल."

मला त्यांनी वैदीण केलं. माझं माहेर अळणावरचं, म्हणून नाव ठेवलं 'अळणावरची अक्का'. पाठीवर झाडपाल्याची करंडी. माझं काम एवढंच, जो जखमी होईल त्याला पाला लावायचा. पहिल्याच दिवशी मी राक्षसालाच लावला. काय करणार, रक्तानं न्हायला होता हो, बघवेना. तो ताजातवाना होऊन आमच्यावर धावून आला. हेडफोनमध्ये गुंडोअण्णांचा आवाज फुटला, "अक्का! तो प्रतिवादी आहे!"

त्या दिवशी मी इतकी हसले की टाके दुखले. ऑपरेशनानंतर पहिल्यांदा हसले होते.

आमच्यातली तिसरी रेणुका. हुबळीची पोरगी. दिवसभर बायकांना स्कूटर शिकवते आणि संध्याकाळी गेममध्ये आगीचे गोळे फेकते. दोन्हीकडे ओरडून ओरडून घसा बसलेला. मराठी चांगलं बोलते, पण घाई झाली की कन्नडच. आमचंही तसंच, घाईत काय तोंडातनं निघेल सांगता येत नाही. आम्ही तिघांनी एकमेकांना कधी बघितलं नव्हतं. म्हणजे मी आणि गुंडोअण्णा शेजारी, पण रेणुका म्हणजे नुसता आवाज. तरी शनिवारची संध्याकाळ ठरलेली. गुहेत शिरायच्या आधी गुंडोअण्णा दोघींना विचारणार, "ऊटा आतेन?" जेवलात का? ज्याचं जेवण राहिलं असेल त्यानं आधी जेवून यायचं, राक्षस थांबतो म्हणायचे.

सगळं छान चाललेलं, आणि कंपनीनं तोल घालवला. आखाड्यातली बक्षिसं वाढवली, गुहेतली कमी केली. वर नवा नियम केला की गुहेत राक्षसाशी लढताना मागनं दुसरा माणूस येऊन तुम्हाला मारू शकतो. पंगतीत खटला घुसवला बघा. गुंडोअण्णांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. रेणुकाला एका मोठ्या टोळीकडनं बोलावणी येऊ लागली, ये आमच्यात, आखाड्यात नाव काढशील. पोरीचं मन होत होतं. मला कळत होतं, गुंडोअण्णांनाही कळत होतं. गुहेत तिघं लागतात. ती गेली की आमची गुहा बंद.

त्या शनिवारी आम्ही गुहेत, आणि मागनं एक परका माणूस आला. नवखाच होता, आमच्यावर आला आणि राक्षसाच्याच शेपटीचा फटका खाऊन आडवा झाला. रेणुकाच्या हातात गोळा तयार. मला दया आली. मी ओरडले, "सोड, सोड त्याला!"

रेणुकाला ऐकू आलं, "सुडु, सुडु!"

आता ज्यांना कन्नड येत नाही त्यांच्यासाठी सांगते. 'सुडु' म्हणजे जाळ.

राख झाली बिचाऱ्याची. पडद्यावर वाजंत्री वाजली, रेणुकाचं नाव आखाड्याच्या फळ्यावर वर चढलं. ती खूश. मी हेडफोनमध्ये हाय हाय करतेय. आणि गुंडोअण्णांनी तिथल्या तिथं उलटतपासणी सुरू केली.

"पडलेल्या माणसावर आपण अग्नी टाकलात?"

"अक्कानंच सुडु म्हटलं की!"

"अक्का असं बोलतील का, हा विचार आपल्या मनात आला का? हो किंवा नाही."

"अय्य! अण्णा, मी काय आरोपी आहे का?"

"हो किंवा नाही!"

तिकडनं खट् असा आवाज आला. तिनं हेडफोन काढून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी कळलं, ती त्या मोठ्या टोळीत गेली.

मग काय. गुंडोअण्णा म्हणाले, "ज्याची त्याची मर्जी," आणि दिवेलागणीला कोट घालून बसत राहिले. माझ्या पडद्यावर मला दिसायचे, गुहेच्या तोंडाशी गेममधला त्यांचा शिलेदार नुसता उभा. दोघांना आत सोडत नाहीत. मी म्हटलं, दुसरं कुणी घेऊ या तिसरं. तर म्हणाले, "वकालतनामा असा बदलत नसतात, अक्का."

पुढं पुढं ते गुहेपाशीही दिसेनात. गेले कुठं म्हणून मी हिंडत हिंडत आखाड्यात गेले, तर हे तिथं बघ्यांच्या गर्दीत मागच्या पायरीवर बसलेले. नवा नियम झाल्यापासून ज्या आखाड्याला नावं ठेवायचे त्याच आखाड्यात. समोर रेणुकाचा खटला चाललेला. आगवाल्यांचे कपडे पातळ असतात, एका बाणात माणूस गार. ती पडली. तिच्या टोळीतले तिला वाट्टेल तसं बोलत होते.

"तुम्ही रोज येता इथं?" मी विचारलं.

"सुम्म," गुंडोअण्णा म्हणाले. सुम्म म्हणजे आपलं उगीच. "कायद्याचा अभ्यास."

थोड्या दिवसांनी त्यांनी मला सांगितलं, "अक्का, आज आखाड्यात या. साक्षीदार लागतो." त्यांनी रेणुकाला खटल्याचं आव्हान दिलं होतं. ती तावातावानं आली. गुंडोअण्णांचा शिलेदार आखाड्यात कधी हरलेला नव्हता, हे त्या राज्यात पोराटोरांना ठाऊक. त्याला कारण त्यांची ढाल. ती कुठल्या गुहेत, कशी मिळाली, हे मी जेवताना, औषध घेताना, डॉक्टरांकडं बसल्या बसल्या, इतक्यांदा ऐकलंय की मलाच मिळाल्यासारखी वाटते. आग असो की बाण, तिच्यातनं काही आत येत नाही.

रेणुकानं गोळा फेकला. गुंडोअण्णांनी ढाल उचलली नाही. दुसरा फेकला. हे हात बांधून उभे, कोर्टात निकाल ऐकायला उभे राहावं तसे. तिसऱ्याला पडले. आखाड्याच्या नियमानं हरलेल्याची ढाल उचलून रेणुकाच्या हाती गेली.

मी काठी टेकत त्यांच्या घरी गेले. ते कोटाची बटणं काढत बसले होते.

"हे काय केलंत?"

"दुसऱ्या टोळीतल्या माणसाला ह्या राज्यात काही देता येत नाही, अक्का," ते म्हणाले. "कंपनीचा नियम आहे. फक्त हरता येतं."



त्या रविवारी आमच्या गल्लीत एक स्कूटर शिरली. "काळ्या कोटवाले अण्णा कुठं राहतात?" चार जणांनी एकदम बोट दाखवलं. हेल्मेट काढलं तर ही एवढीशी पोरगी. आवाजावरनं मला वाटलं होतं, सहा फूट असेल. हातात गिरमिटाचा, म्हणजे आमच्याकडच्या चुरमुऱ्याच्या भेळेचा, पुडा आणि कपाळावर आठ्या. दारातनंच सुरुवात.

"अण्णा! तुम्ही मुद्दाम हरलात!"

"पुरावा सादर कर," गुंडोअण्णा म्हणाले.

"ढाल उचललीच नाहीत!"

"वय झालं. हात वर जात नाही."

"अक्का होत्या तिथं! अक्का, सांगा!"

मी म्हटलं, "मला चष्म्याशिवाय दिसत नाही बाई." काय करणार, साक्षीदार त्यांची होते मी.

रेणुका हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मग पायरीवरच बसली आणि म्हणाली, "त्या टोळीत मला कुणी 'ऊटा आतेन' म्हणून विचारलं नाही. एकदासुद्धा नाही." थोडी सावरली तशी लगेच वाटाघाटीला आली. आठवडाभर तिचे खटले, शनिवारी आमची पंगत. ती टोळी सोडून परत येईल, पण आखाडा सोडणार नाही. आणि गुहेत मी 'सोड' म्हणायचं नाही, कन्नडमध्ये 'बिडु' म्हणायचं. गुंडोअण्णांनी सगळं डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "तोल आहे."

आता जे सांगते ते त्यांच्यापुढं काढू नका. रेणुकाला बसवून गुंडोअण्णा उप्पीट करायला आत गेले. थोड्या वेळानं माझ्या मागच्या दाराची कडी वाजली. उघडलं तर हेच. अंगावर कोट नव्हता, नुसता बनियन. तसे फार लहान दिसत होते.

"अक्का, दोन ताटं आहेत का?"

"आहेत की. काय झालं?"

ते माझ्याकडं न बघता नळाकडं बघत होते. "घरात एकच आहे. लागलंच नाही कधी."

मी आत गेले. फडताळातली चांगली ताटं काढली, पदरानं पुसली आणि दिली. आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात खाली बसून जेवलो. म्हणजे ते दोघं खाली, मी स्टुलावर. उप्पिटात मीठ जास्त झालेलं. रेणुकानं दोनदा मागून घेतलं.

ती ताटं त्यांनी अजून परत दिलेली नाहीत, मीही मागत नाही. मी खाटेवर पडले होते तेव्हा ह्या माणसानं माझी एक संध्याकाळ रिकामी जाऊ दिली नाही. मला वाटायचं, शेजारधर्म म्हणून माझ्यासाठी येतात. त्यांच्या घरी एकच ताट आहे, हे मला इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून असताना कळलं नव्हतं. आता रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडनं "आपणांस मान्य आहे की नाही?" ऐकू आलं की मी देवाला हात जोडते. ह्याहून मोठं नाव काय घ्यायचं त्याचं?

तर हसून झालं असेल तर ऐका. येत्या शनिवारी तुम्ही या. माझ्या दारात नको, सरळ शेजारी कोटवाल्या अण्णांकडं या. घाईत, घड्याळ बघत येऊ नका, जेवायला या. आणि लवकर या हो, वाट बघतो आम्ही.